फसलेले मणकाजोड, फेरशस्त्रक्रिया आणि आपण वैद्य

अलीकडे आपल्या चिकित्सालयांत एक वेगळा रुग्णवर्ग येऊ लागला आहे. कमरेच्या मणक्यांत स्क्रू व सळ्या बसवून ते जोडण्याची, म्हणजे स्पायनल फ्युजनची, शस्त्रक्रिया झालेली असते. वर्ष-दीड वर्ष उलटूनही वेदना हटलेली नसते. शल्यचिकित्सकांनी 'पुन्हा उघडावे लागेल' असे सांगितलेले असते आणि रुग्ण फिल्मांची पिशवी पुढे करून विचारतो, "वैद्यराज, दुसरे ऑपरेशन टळेल ना?" या प्रश्नाला आपण फार घाईने होकार देतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही वर्षांपूर्वी मीही असाच होकार दिला होता. शेतमजुरी करणारी पन्नाशीची स्त्री. कमरेचा चौथा व पाचवा मणका जोडून चौदा महिने झालेले. गृध्रसीची लक्षणे पाहून कटिबस्ती, पत्रपोट्टली स्वेद, दशमूळाचे निरूह, सहचर तैलाचे अनुवासन आणि पोटात लाक्षादि गुग्गुळ अशी योजना केली. पहिल्या महिन्यात उतार पडला आणि त्या उताराने माझीच फसगत केली. चौथ्या महिन्यात बाई सहज बोलून गेल्या, "चालताना पायातली चप्पल निसटते, अन् मला कळतबी नाही." मग सीटी स्कॅन करवला. मणके जुळलेलेच नव्हते. स्क्रूंभोवती काळी वलये दिसत होती, म्हणजे ते हाडात सैल झाले होते. फेरशस्त्रक्रिया झाली, वेदना पुष्कळ कमी झाली. परंतु पाऊल उचलण्याचे बळ पूर्णपणे परतले नाही. त्या चार महिन्यांचा हिशेब माझ्याच खात्यावर आहे.

मणके जोडण्याची कल्पना नवी नाही. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये अल्बी आणि हिब्स या दोन शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. तिच्यातील मर्म आजही तेच आहे : स्क्रू मणक्यांना केवळ धरून ठेवतात, कायमचे जोडकाम हाडानेच करावयाचे असते. हाड जुळले नाही, तर आज ना उद्या धातू सैल होतो किंवा मोडतो. शिवाय वेदना राहण्याचे हे एकच कारण नव्हे. जोडलेल्या भागाच्या वरचा वा खालचा सांधा जादा भाराने झिजतो; नाडीवरचा दाब पूर्ण सुटलेला नसतो; कमरेचा नैसर्गिक बाक हरवल्याने रुग्ण पुढे झुकून चालतो; धातूभोवती मंद जंतुसंसर्ग ज्वराशिवाय महिनोन्महिने धुमसतो; आणि कधी मूळ शस्त्रक्रियेचा निर्णयच चुकलेला असतो. या सर्वांना 'वातप्रकोप' हे एकच नाव देऊन एकच बस्तिक्रम लावणे ही चिकित्सा नव्हे. हेतुविशेष न पाहता औषध देऊ नये, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवतो!

हाडजोडीच्या वेलीविषयी माझी श्रद्धा कमी नाही. परंतु सैल धातूने सतत हलत्या राहिलेल्या जोडात हाड केवळ कल्पांनी जुळेल, असे आश्वासन देण्याजोगा पुरावा आपल्याजवळ नाही. सुश्रुताने शरीरात राहिलेले सोने, रुपे, तांबे कालांतराने पित्ततेजाने विरते असे म्हटले आहे. टायटेनियम त्या यादीत नाही आणि ते विरतही नाही.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. बाई दिवसातून तीनदा मिश्री लावीत. दशविध परीक्षेचा अभिमान बाळगणाऱ्या मी ते विचारले नव्हते. शल्यचिकित्सकांनी पहिल्याच भेटीत विचारले. निकोटीन हाडांच्या जुळणीत अडथळा आणते. मिश्री, तंबाखू, विडी सोडवणे, मधुमेह आटोक्यात आणणे, ड जीवनसत्त्वाची उणीव आणि हाडांची ठिसूळता तपासून घेणे, अग्नी व मलप्रवृत्ती सुधारणे : फेरशस्त्रक्रियेपूर्वीच्या महिन्यांत हे काम वैद्याइतक्या चिकाटीने कोण करील? मात्र गुग्गुळाचे कल्प खबरदारी म्हणून वेळीच थांबवावेत आणि चालू असलेले प्रत्येक औषध, रसकल्पांसह, भूलतज्ज्ञांना लेखी कळवावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फेरशस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. जुन्या व्रणतंतूंत नाडी गुरफटलेली असते, आवरण फाटण्याचा धोका वाढतो, आणि यशाची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा कमी असते. निश्चित कारण न सापडता केवळ वेदनेसाठी पुन्हा उघडलेली पाठ बहुधा निराशाच करते. म्हणून 'कशासाठी उघडणार?' हा प्रश्न रुग्णाच्या वतीने शल्यचिकित्सकांना विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. जिथे कारण सापडत नाही, तिथे बस्ती, मृदू अभ्यंग, व्यायाम आणि धीर यांना मोठा वाव आहे. मात्र पाठ तुडवणे, मणके 'बसवणे' असले प्रकार धातू असलेल्या पाठीवर कदापि होऊ देऊ नयेत.

नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने आपल्या पदव्युत्तर पदवीधरांना ५८ शल्य व शालाक्य कर्मांची वाट स्पष्ट केली, तेव्हा आपण पेढे वाटले. त्यांत पाठीचा कणा नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु कण्याची फिल्म वाचण्यास कोणत्याही अधिसूचनेची आवश्यकता नाही. माझ्या केसपेपरवर आता फ्युजन झालेल्यांसाठी चार ओळी वेगळ्या छापल्या आहेत : शस्त्रक्रियेची तारीख, शेवटच्या सीटीची तारीख, तंबाखू, आणि पावलाचे बळ. मलमूत्राच्या वेगावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरता आली, तर कटिबस्तीची पाळी रद्द करून रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवतो.

त्या बाई अजून येतात, मात्राबस्तीसाठी. मिश्री सुटली आहे. चप्पल मात्र मागे पट्टा असलेलीच घालावी लागते.