ट्रेकच्या फिटनेस सर्टिफिकेटवर मला जे लिहिता येत नाही

नोव्हेंबर उजाडला की शनिवारी संध्याकाळी माझ्या बाळकुमच्या दवाखान्यात ठरावीक पेशंट येतात. पाठीवर नवी कोरी सॅक, हातात ट्रेकच्या ग्रुपने दिलेला फॉर्म. "डॉक्टर, फक्त सही हवी होती. रात्री अकराला माजिवड्याहून बस आहे. तोरणा ते राजगड."

मी बीपी बघतो, छाती तपासतो, दमा, डायबेटिस, हृदयविकार यांची चौकशी करतो. सगळं ठीक असलं तर सही करतो. पण त्या सहीचा अर्थ इतकाच, की आज खुर्चीत बसलेला हा माणूस ठीक आहे. उद्या सकाळी तो रात्रभराच्या जागरणानंतर बुधला माचीवरून खाली उतरत असेल, तेव्हाची हमी माझ्या सहीत नाही. म्हणून मला जे फॉर्मवर लिहिता येत नाही, ते इथे लिहितो.

आधी झोप, मग धार

माझं मत तुम्हाला आवडणार नाही. रात्रभर बसमध्ये डुलक्या घेऊन पहाटे थेट हा ट्रेक सुरू करू नका. यात सुट्टी आणि पैसे वाचतात, हे मान्य. पण शरीराला त्याची किंमत मोजावी लागते.

सलग १७ ते १९ तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया देण्याची गती, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असं अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत तुम्ही घोडबंदर रोडवर स्कूटरही चालवू नये, त्या अवस्थेत तुम्ही दोन्ही बाजूंना उतार असलेल्या वाटेवर पाऊल टाकता. त्यात गाडी लागू नये म्हणून रात्री गोळी घेतली असेल, तर तिची गुंगी सकाळपर्यंत राहू शकते.

उपाय साधा आहे. शनिवारी दुपारीच निघा, पायथ्याच्या वेल्ह्यात रात्री झोपा आणि उजाडताना चढायला लागा. ते जमत नसेल तर त्या दिवशी एकच गड करा.

वाट कशी आहे?

तोरण्याची उंची १४०३ मीटर. वेल्ह्यातून चढून बिनी दरवाजा, कोठी दरवाजा, मेंगाई देवीचं मंदिर, मग कोकण दरवाजातून बुधला माची. तिथून अवघड उतार उतरला की डोंगराची लांबलचक धार सुरू होते. मध्ये एक गाडीरस्ता आडवा येतो. तो ओलांडला की पुन्हा चढ आणि मग राजगडाची संजीवनी माची. शेवटी गुंजवण्यात उतरायचं. चांगल्या चालणाऱ्यालाही आठ-दहा तास लागतात.

धारेवर सावली कमी आणि पाण्याचा भरवसा नाही. वाळलेल्या गवतावर आणि घसाऱ्यावर पाय सटकतो. लोक चढाची धास्ती घेतात, पण उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात. ते थकले की गुडघे थरथरतात आणि पाय हवा तिथे पडत नाही. उतार शेवटी येतो, हे लक्षात ठेवा.

याची चाचणी घरीच करता येते. बाळकुमला उंच इमारतींची कमतरता नाही. ट्रेकच्या महिनाभर आधीपासून सॅकमध्ये पाच किलो वजन घेऊन वीस मजले चढा आणि चालतच उतरा. हळूहळू फेऱ्या वाढवा. चढताना छातीत दडपण आलं, घाम फुटला किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. तो ट्रेक पुढे ढकला.

पाणी आणि औषधं

प्रत्येकाने निदान तीन-चार लिटर पाणी घ्यावं. घामातून मीठही जातं, त्यामुळे तासन् तास नुसतं साधं पाणी ढोसणंही बरं नाही. ओआरएसची पाकिटं ठेवा. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा. सोबत चिक्की, खजूर, चटणी-पोळी असू द्या.

सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर "थकलाय" म्हणून सोडून देऊ नका. तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ११२ किंवा १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

डायबेटिसच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अशा श्रमांनी एकदम उतरू शकते. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं. यांतलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. आठवडाभर आधी विचारा. शनिवारी संध्याकाळी सहाला नको.

परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा

दोन गडांच्या मधला तो गाडीरस्ता म्हणजे निर्णयाची जागा. आधीच ठरवा: दुपारी बारापर्यंत तिथे पोचलो नाही, कुणी लंगडतंय किंवा पाणी संपत आलंय, तर राजगड रद्द. गाडीवाल्याचा नंबर आधी घेऊन ठेवा, कारण धारेवर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. ही वेळ सगळ्यांसमोर ठरवा, कारण थकलेलं डोकं "आता थोडंच राहिलंय" असंच सांगतं. आणि ग्रुपमधल्या सगळ्यात हळू चालणाऱ्यावर तो निर्णय टाकू नका. तो बिचारा लाजेपोटी गप्प बसतो.

गड जिंकून माघारी येणं ही जशी मोहीम, तशी वेळ ओळखून मागे फिरणंही मोहीमच. राजगड साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ तिथेच उभा आहे. पुढच्या रविवारीही असेल.

तुमच्या फॉर्मवर मी सही करीन. पण त्याआधी एकच प्रश्न विचारणार आहे: "आज रात्री झोपणार कुठे?"