उपजत वेगाचे अर्धवट कौतुक

इंग्लंडचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा, मार्टिन ओफाया याने रग्बीच्या कारकिर्दीत 501 ट्राय केले. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय होतो, आणि रग्बी लीग या रग्बीच्या प्रकाराच्या इतिहासात ब्रायन बेव्हन आणि बिली बॉस्टन हे दोघेच त्याच्या पुढे आहेत. तरीही ओफायाचे नाव निघाले की आधी वेगाचीच गोष्ट होते. त्याचे ‘चॅरियट्स’ हे टोपणनावसुद्धा धावपटूंवरच्या चित्रपटावरून पडले. उपजत देणगी म्हटले की पुढे विचार करायची गरज उरत नाही. मला हे कौतुक अपुरे वाटते, आणि अन्यायाचेही.

नुसता वेग पुरला असता, तर शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत धावलेला ड्वेन चेंबर्स या खेळात सहज रुजला असता. 2008 मध्ये कॅसलफर्ड संघाने त्याची चाचणी घेतली, राखीव संघाच्या सामन्यात त्याला उतरवलेही. पण करार काही झाला नाही. यावर बर्विन जोन्सचे उदाहरण दिले जाईल. हा ब्रिटिश धावपटू 1964 मध्ये वेकफिल्ड संघाकडे आला आणि पुढे ग्रेट ब्रिटनकडून खेळला. पण जोन्स धावपट्टी सोडून रग्बीपटू झाला, खेळ शिकला, म्हणून टिकला. विंगरला सरळ रेषेत क्वचितच धावायला मिळते. एका अंगाला टचलाइन असते, तिच्यावर पाय पडला की चेंडू गेला. दुसऱ्या अंगाने बचावपटू त्याला त्याच रेषेकडे रेटत येतो. 1994 च्या चॅलेंज कप अंतिम सामन्यात, वेम्बलीवर, विगनकडून खेळताना ओफायाने स्वतःच्या गोलरेषेजवळून धाव सुरू केली आणि लीड्सची फळी भेदली. समोर उरला फुलबॅक अ‍ॅलन टेट, विडनेसमधला त्याचा जुना सहकारी, त्याची धाव जवळून पाहिलेला. कोन साधून तो आडवा येत होता. ओफायाने त्याला बाहेरच्या, म्हणजे जागा कमी असलेल्या, बाजूने मागे टाकले आणि कोपऱ्यात ट्राय केला. त्यात पाय वेगवान होतेच. पण कोणत्या क्षणी कुठल्या बाजूला वळायचे, हा निर्णय पायांचा नव्हता.

विडनेस आणि विगन हे ओफायाचे दोन्ही संघ बलाढ्य होते, इतरांनी वाट मोकळी करून दिली, हा आक्षेप खराच आहे. पण तीच वाट दुसऱ्या टोकाच्या विंगरलाही मोकळी होती. 1992 मध्ये लीड्सविरुद्ध एकाच सामन्यात दहा ट्राय करणारा माणूस कोपऱ्यात पासची वाट पाहत उभा राहत नाही. सहकारी फळी फोडणार हे आधी ताडून तो त्याच्या खांद्याशी पोचलेला असतो.

‘उपजत’ या कौतुकाला रंगाचीही किनार आहे. ओफाया नायजेरियन आईवडिलांचा मुलगा, बॉस्टन कार्डिफच्या टायगर बेचा. कृष्णवर्णीय खेळाडू दिसला की त्याला विंगवर पाठवायचे आणि डावपेच आखणाऱ्या मधल्या जागा इतरांना द्यायच्या, ही सवय ब्रिटिश रग्बीत दीर्घकाळ होती. रग्बी लीगने कृष्णवर्णीयांना इतर अनेक खेळांपेक्षा आधी दारे उघडली, हे मान्य करायलाच हवे. पण त्याच खेळाने 1957 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकानंतर ग्रेट ब्रिटनचा संघ दक्षिण आफ्रिकेत सामने खेळायला नेला, तेव्हा बॉस्टनला वगळले. विंगर खेळ वाचतो की नुसता धावतो, याचे उत्तर 1972 मध्येच मिळायला हवे होते. त्या वर्षी ग्रेट ब्रिटनने विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात जवळपास मैदानभर धावून ट्राय करणारा क्लाइव्ह सलिव्हन विंगर होता, कृष्णवर्णीय होता आणि संघाचा कर्णधारही होता.