‘प्ले डर्टी’वरचा निकाल बदलायला हवा

गर्लस्कूलच्या जुन्या चाहत्यांत एक मत इतकं मुरलं आहे की ते आता कोणी मांडत नाही, धरूनच चालतं. १९८० चा ‘डेमोलिशन’ आणि १९८१ चा ‘हिट अँड रन’ हे या बँडचे खरे अल्बम. १९८३ च्या ‘प्ले डर्टी’त त्या चौघी बाजारू झाल्या, अमेरिकेवर डोळा ठेवून गाऊ लागल्या, सगळी सूत्रं निर्मात्यांच्या हाती दिली आणि तिथून बँडला उतरती कळा लागली. चाळीस वर्षं हा निकाल जसाच्या तसा पुढे दिला जातो आहे. मला तो मान्य नाही. त्यातली एक गोष्ट खरी आहे आणि ती मी पुढे कबूल करणार आहे. बाकीचं पुराव्यावर टिकत नाही, आणि ज्या नजरेतून ते आलं आहे ती नजर मला अन्यायाची वाटते.

दक्षिण लंडनच्या वाँड्सवर्थ भागातल्या किम मॅकऑलिफ आणि एनिड विल्यम्स या मैत्रिणींचा ‘पेंटेड लेडी’ नावाचा बँड होता. त्यातून १९७८ मध्ये गर्लस्कूल उभं राहिलं. किम गिटारवर, एनिड बेसवर, केली जॉन्सन लीड गिटारवर आणि डेनिस ड्यूफोर्ट ड्रमवर. मोटरहेड या बँडने १९७९ च्या दौऱ्यात त्यांना बरोबर घेतलं, ब्राँझ रेकॉर्ड्सने करार केला, ‘हिट अँड रन’ ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचला. १९८१ च्याच ऑगस्टमध्ये रेडिंग महोत्सवाच्या पहिल्या रात्री रंगमंचावर शेवटचा, मानाचा बँड म्हणून गर्लस्कूल उभं होतं. ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट तेव्हा ऐन भरात होती आणि तिच्यात बहुतेक सगळे पुरुष होते.

‘प्ले डर्टी’च्या निंदेकडे वळण्याआधी सुरुवातीच्या अल्बमांची स्तुती तपासली पाहिजे, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. ‘मुली असूनही काय वाजवतात!’, ‘डोळे मिटून ऐका, पुरुषच वाजवताहेत असं वाटेल’, ‘मोटरहेडच्या धाकट्या बहिणी शोभतात’, असं कौतुक त्यांच्या वाट्याला भरपूर आलं. चाहते ते प्रेमानेच करत होते, याबद्दल मला शंका नाही. पण या कौतुकाचा अर्थ काय होतो? संगीत चांगलं ठरवायचं ते पुरुषांच्या बँडशी असलेल्या जवळिकीवरून. त्या जवळ असतील तोवर शाबासकी. जरा दूर गेल्या की घसरण. १९८३ चा निकाल १९८१ च्या शाबासकीतच लिहिलेला होता.

आणि ‘धाकट्या बहिणी’ हे तर वस्तुस्थितीलाही धरून नाही. १९८१ च्या फेब्रुवारीत दोन्ही बँडनी मिळून ‘सेंट व्हॅलेंटाइन्स डे मॅसॅकर’ ही तीन गाण्यांची तबकडी काढली. मोटरहेडचा ड्रमर फिल टेलर मानेच्या दुखापतीमुळे वाजवू शकत नव्हता, म्हणून ड्रमवर डेनिस बसली. त्या तबकडीवर गर्लस्कूलने मोटरहेडचं ‘बॉम्बर’ गायलं, तसं मोटरहेडनेही गर्लस्कूलचं ‘इमर्जन्सी’ गायलं. ती ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर गेली. ‘एस ऑफ स्पेड्स’ हे गाणंसुद्धा सिंगल म्हणून तिथपर्यंत पोचलं नव्हतं. म्हणजे मोटरहेडच्या सिंगल्सपैकी यादीत सर्वांत वर गेलेल्या तबकडीवर ताल धरला आहे तो डेनिस ड्यूफोर्टने. हे नातं बरोबरीचं होतं. मोटरहेडचा गायक लेमी स्वतः केलीच्या गिटारची तारीफ करताना कधी थकला नाही. मात्र केली मोठी होती ती लेमीने शिक्का मारला म्हणून, असं त्यातून सिद्ध होत नाही.

आता मुख्य आरोप. पहिला असा की गुळगुळीत आवाजामुळे चाहते दुरावले आणि बँड कोसळला. आकडे वेगळंच सांगतात. ‘हिट अँड रन’ पाचवा, १९८२ चा ‘स्क्रीमिंग ब्लू मर्डर’ सत्ताविसावा, ‘प्ले डर्टी’ सहासष्टावा. घसरण ‘स्क्रीमिंग ब्लू मर्डर’पासूनच सुरू झाली होती, आणि त्या अल्बमात की-बोर्डांची गर्दी नाही, कोरसचे थर नाहीत, तो आधीच्या दोन अल्बमांच्याच वाटेवरचा आहे. एनिड बाहेर पडून तिच्या जागी बेसवर गिल वेस्टन आली होती, नवी लाट ओसरू लागली होती, बँड वर्षानुवर्षं दौऱ्यावर होता. जुन्याच पद्धतीने वाजवूनही श्रोते कमी होत होते. अशा वेळी त्याच पद्धतीला चिकटून राहण्यात कुठली निष्ठा होती? चौथ्या अल्बमला वेगळं काही करून पाहावं असं बँडला वाटलं, तर ते कलावंताचं साधं काम आहे.

दुसरा आरोप, निर्मात्यांच्या बाहुल्या झाल्याचा. हा आरोप बायकांच्या रॉक बँडना कधी चुकलेला नाही. रनअवेज या अमेरिकन बँडला तर पहिल्या दिवसापासून किम फाउली या व्यवस्थापकाची कळसूत्री बाहुली म्हटलं गेलं, आणि त्यातून बाहेर पडून जोन जेट आणि लिटा फोर्ड यांनी स्वतःच्या बळावर नाव काढलं तेव्हा कुठे तो थोडा विरला. ‘प्ले डर्टी’चे निर्माते होते स्लेड बँडचे नॉडी होल्डर आणि जिम ली. दहा गाण्यांपैकी ‘हाय अँड ड्राय’ आणि ‘बर्निंग इन द हीट’ ही दोन त्यांची. दुसरं तर स्लेडने १९७७ सालीच काढलेलं. ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी बॉय’ हे टी. रेक्सचं. उरलेली सात बँडची स्वतःची. दुसऱ्याचं गाणं घेणं गर्लस्कूलला नवं नव्हतं. ‘डेमोलिशन’मध्ये गन या बँडचं ‘रेस विथ द डेव्हिल’ आहे, ‘हिट अँड रन’मध्ये झीझी टॉपचं ‘टश’ आहे. त्या वेळी कोणी त्यांना बाहुल्या म्हटलं नाही. मग स्लेडचं गाणं घेतल्यावरच त्या परावलंबी कशा झाल्या?

मला तर ही निवड अगदी त्यांच्या घरातली वाटते. या चौघी ज्या इंग्लंडमध्ये वाढल्या तिथे सत्तरच्या दशकाच्या आरंभी रेडिओवर स्लेड आणि टी. रेक्सच होते. स्लेडची सहा गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. टाळी धरून, सगळ्या गर्दीने मिळून ओरडावं असं धृपद ही स्लेडची खरी कमाई, आणि ‘प्ले डर्टी’तल्या कोरसांमध्ये ती स्पष्ट ऐकू येते. चाहत्यांना त्यात अमेरिका ऐकू आली. अमेरिकेचा विचार झाला नसेल असं मी म्हणत नाही. त्या वर्षी क्वाएट रायटने स्लेडचंच एक गाणं गाऊन अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर नेलं होतं, तेव्हा हा सूर तिकडे चालतो हे उघड होतं. पण बाजारात चाललेला सूर तेवढ्याने परका होत नाही. तो आधी ब्रिटिश कामगार वस्त्यांतल्या पोरापोरींचा होता.

तिसरा आरोप सगळ्यांत जुना: की-बोर्ड आले, सुरावट गोड झाली, म्हणजे कणा मोडला. इथे त्याच वर्षीचे इतर अल्बम शेजारी ठेवून पाहावेत. ज्या झीझी टॉपचं ‘टश’ गर्लस्कूलने गायलं होतं, त्याच झीझी टॉपने १९८३ मध्ये ‘एलिमिनेटर’वर सिंथेसायझर आणले आणि तो त्यांचा सर्वांत खपलेला अल्बम ठरला. शेफील्डच्या डेफ लेपर्डने ‘पायरोमेनिया’त आवाजावर आवाज चढवून काचेसारखं चकचकीत ध्वनिमुद्रण केलं. मोटरहेडने, ब्राँझ रेकॉर्ड्ससाठीच, ‘अनदर परफेक्ट डे’ केला. त्यात थिन लिझीतून आलेल्या ब्रायन रॉबर्टसनच्या गिटारने बँडला अनपेक्षित मार्दव आणलं.

कोणी म्हणेल, शिव्या पुरुषांनाही पडल्याच की. पडल्या. डेफ लेपर्डवर अमेरिकाधार्जिणेपणाचा ठपका १९८० पासून होता, आणि रॉबर्टसनला मोटरहेडच्या प्रेक्षकांनी नीट स्वीकारलंच नाही. फरक पुढे काय झालं त्यात आहे. ‘पायरोमेनिया’ आज हार्ड रॉकच्या पायाभूत अल्बमांत मोजला जातो. ‘अनदर परफेक्ट डे’कडे चाहते वर्षांनी परत गेले, त्यांनी तो पुन्हा ऐकला आणि आता आवडीने त्याची बाजू मांडतात. पुरुषांच्या बँडने दिशा बदलली तर आधी राग येतो, मग कुतूहल जागं होतं आणि अखेर त्याला प्रयोग म्हणतात. ‘प्ले डर्टी’ला ते दुसरं ऐकणं फारसं मिळालंच नाही. कारण बायकांच्या बँडकडून त्या कणखर आहेत याचा पुरावा दर अल्बमला नव्याने मागितला जातो. त्या एकदा गोड गायल्या की आधीचे सगळे पुरावे रद्द.

आता कबुली द्यायची ती गोष्ट. ‘प्ले डर्टी’चं ध्वनिमिश्रण सदोष आहे. निर्माता विक मेलने ‘हिट अँड रन’मध्ये गिटार कोरड्या आणि अगदी कानाजवळ ठेवल्या होत्या; इथे ड्रमच्या घुमण्यात आणि आवाजांच्या थरांत त्या मागे सरकतात. किम आणि केली या दोन गिटारांची आपसातली खटाखटी हा या बँडचा जीव, आणि तो काही गाण्यांत गुदमरतो. ज्यांना हे खटकतं त्यांचे कान बरोबर आहेत. पण ही तक्रार ध्वनिमिश्रणाबद्दल आहे. तिच्यावरून गाण्यांचा आणि गाणाऱ्यांच्या इमानाचा निवाडा करता येत नाही.

गाणी काय करतात ते ऐका. ‘गोइंग अंडर’ने अल्बम उघडतो तो घाई न करता. आधीच्या अल्बमांत वेग हेच बळ होतं. इथे गाणं वजन पेलत पुढे सरकतं आणि सुरावटीला पसरायला जागा मिळते. नावाचं गाणं, ‘प्ले डर्टी’, मधल्या लयीत राहूनही धमकी देतं. ‘रनिंग फॉर कव्हर’मध्ये जुनी धार आहे, आणि शेवटच्या ‘ब्रेकआउट’मध्ये तर बँड मोकळा सुटतो, हे गाणं ‘हिट अँड रन’वर असतं तर त्याच लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. सगळ्यांत मोठी मिळकत केलीची. तिचे सोलो इथे गाण्याच्या सुरावटीतून उगवतात आणि तिच्यातच परत मिसळतात. वेगाने बोटं फिरवणारे गिटारवादक त्या काळात शेकड्यांनी होते. कमी स्वरांत गाण्याचा पुढचा दरवाजा उघडून देणारे थोडे, आणि ‘प्ले डर्टी’तली केली त्या थोड्यांत आहे.

या अल्बमाची बदनामी आणखी एका कारणाने पक्की झाली. १९८४ मध्ये केली बाहेर पडली, आणि पुढच्या वर्षीच्या ‘रनिंग वाइल्ड’मध्ये जॅकी बोडिमेडचं गाणं आणि की-बोर्ड यांनी बँडचा चेहराच बदलला. तो अल्बम मलाही आवडत नाही. पण लोक ‘प्ले डर्टी’ त्याच्यानंतर आणि त्याच्यातूनच ऐकू लागले; पुढच्या वर्षांची चूक मागच्या अल्बमाच्या खाती जमा झाली. २०११ मध्ये बँडने तीस वर्षांनिमित्त ‘हिट अँड रन’ नव्याने ध्वनिमुद्रित केला, त्याचाही पुरावा म्हणून उपयोग केला जातो: बघा, त्यांनाही तोच खरा वाटतो. पाचव्या क्रमांकावर गेलेल्या, सर्वांत लाडक्या अल्बमाचा तिसावा वाढदिवस साजरा केल्याने दुसरा अल्बम खोटा ठरतो, हे कुठलं तर्कशास्त्र?

केली जॉन्सन जुलै २००७ मध्ये कर्करोगाने गेली. बँडने पुढच्या वर्षीचा ‘लेगसी’ तिला वाहिला. त्यात लेमी, टोनी आयोमी, रॉनी जेम्स डिओ असे हेवी मेटलचे नामवंत पाहुणे आले. तेव्हापासून तिच्याबद्दल चांगलंच बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. पण जे तिला आपल्या काळातल्या उत्तम गिटारवादकांत बसवतात, तेच पहिल्या पर्वातल्या तिच्या शेवटच्या अल्बमाला तडजोड म्हणून बाजूला सारतात. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. केली मोठी मानायची असेल तर ‘प्ले डर्टी’ तिने समजून-उमजून वाजवला हेही मानावं लागेल, आणि मग तो तिचा अल्बम म्हणून, पहिल्या गाण्यापासून, पुन्हा ऐकावा लागेल.