धान्याचे वस्त्र आणि कर

परदेशी कपड्यांची वर्गवारी करताना सीमाशुल्क खाते कापडाची घडण पाहते. होजियरीच्या विणीचे कपडे 61 व्या प्रकरणात, मागावरच्या कापडाचे 62 व्या प्रकरणात. पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर आली तर तो सामान्यतः पुरुषांचा; भेद मुळीच ठरत नसेल, तर स्त्रियांचा गणावा असा नियम आहे. वाचून हसू येईल. परंतु ही खूण निदान वस्तूच्याच अंगी असते.

धान्याचे मात्र अंग न पाहता वस्त्र पाहिले जाते. 18 जुलै 2022 पासून तुरीची डाळ वेष्टनबंद व लेबलयुक्त असेल, तर 25 किलोपर्यंत 5 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. 26 किलोच्या गोणीवर तो नाही, सुट्या डाळीवरही नाही. डाळ तीच, चूलही तीच! आदिलाबादच्या पेठेत वजन छापलेली छोटी पिशवी नेणारा संसारी गिऱ्हाईक कर भरतो. गोणी परवडणारा सुटतो. शिवाय प्रामाणिक लेबलालाच जणू दंड होतो.

कर घ्यावा की नाही, हे शासनाने ठरवावे. परंतु तो धान्यावर असावा, पिशवीवर नसावा, असे आमचे नम्र मत आहे. तोवर व्यापारी बंधूंनी प्रत्येक बिलावर पिशवीचे वजन स्पष्ट लिहावे, हेच हिताचे.