दुधाचे दात आणि व्यवस्थेची भूल

"दुधाचेच दात आहेत, पडतील." किडलेल्या दाढांनी रात्रभर रडणाऱ्या चार वर्षांच्या लेकराच्या आईला दवाखान्यात हे उत्तर मिळते. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही ते वारंवार ऐकतो. मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. तोवर या लेकराने ठणका सोसायचा काय? त्याला जेवण जात नाही, झोप लागत नाही. मुळाशी पू झाला तर सूज गालावर, गळ्यापर्यंत पसरू शकते.

एखादी दाढ किडली असेल तर हिरडीत सुई देऊन तेवढीच जागा बधिर करणे पुरते. पण इतक्या लहान मुलाचे आठ-दहा दात किडले असतील, किंवा सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता यांमुळे ते खुर्चीत स्थिर बसू शकत नसेल, तर पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळे उपचार करावे लागतात. पैसेवाल्याचे मूल खाजगी रुग्णालयात झोपेतच बरे होऊन घरी येते. आमच्या मुलाचे हातपाय धरून दात उपटतात, नाहीतर दुखणे थांबवायचे औषध देऊन परत पाठवतात. बाबासाहेबांनी दाखवलेली श्रेणीबद्ध विषमता इथे वेदनेलाही लागू होते.

काही म्हणतात, लहान मुलांना भूल धोक्याची. ती हलक्यात घेऊ नये हे खरेच. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून जास्त किंवा वारंवार भूल देण्याबाबत इशारा दिला होता. म्हणून तर सुसज्ज थिएटर आणि भूलतज्ज्ञ हवेत. धोक्याचे नाव घेऊन गरिबाला उपचारच नाकारणे ही सावधगिरी नव्हे.

काही म्हणतात, आईबापच बिस्किटे चारतात. पहाटे कामावर निघालेली आई लेकराच्या हातात पाच रुपयांचा पुडा देते, कारण तेवढेच परवडते. दात घासण्याची सवय लावणे, गोड कमी करणे हे प्रबोधन आपण विहारातून करूच. पण दोष आईला दिला तरी शिक्षा लेकराला का?

संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दातांचे आजारही आहेत. पथक तपासते, चिठ्ठी देते. पुढे? शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला. गडचिरोलीच्या मजूर आईने किती दिवसांची मजुरी बुडवून तिथे जायचे?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मुलांच्या दातांसाठी थिएटरचा आणि भूलतज्ज्ञाचा ठरलेला दिवस असावा, आणि दिव्यांग मुलांना त्यात प्राधान्य मिळावे.

तरुणांनो, टूथपेस्ट वाटपाच्या शिबिरांवर समाधान मानू नका. माहिती अधिकारात आपल्या जिल्ह्याला तीन प्रश्न विचारा: गेल्या वर्षी दातांसाठी किती मुलांना पुढे पाठवले? किती जणांवर उपचार झाले? त्यातल्या किती जणांना पूर्ण भूल मिळाली? उत्तर आले की ते घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात उभे राहू.

जय भीम!