आधी नवऱ्याची तपासणी



मूल होत नाही म्हणून दवाखान्याची पायरी चढणाऱ्या जोडप्यात पहिली तपासणी नवऱ्याची झाली पाहिजे. त्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत बायकोच्या गर्भनलिकांचा एक्स-रे किंवा दुर्बिणीची तपासणी करू नये. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केल्यामुळे हे ठामपणे लिहितो आहे.

गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध असूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांना भेटावे, आणि बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच, हा सर्वमान्य वैद्यकीय नियम आहे. आपल्याकडे मात्र लग्नाला वर्ष होत आले, की घरचे सुनेकडे बघू लागतात. तिची सोनोग्राफी, तिची रक्ततपासणी, तिचे नवस, तिचेच पथ्यपाणी. वास्तविक वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बायकोकडच्या कारणाबरोबर असते.

वीर्यतपासणीला ना सुई लागते ना भूल. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नमुना द्यायचा आणि तो तासाभरात तपासला गेला पाहिजे. हे न सांगितल्यामुळे काय होते, ते आम्ही काउंटरवर पाहत असू. नवरा ‘कामावर आहे’ आणि बायको एसटीने बाटली घेऊन आलेली, रुमालात गुंडाळून पर्सच्या तळाशी. नमुना निघून दोन-अडीच तास झालेले. त्यातून शुक्राणूंच्या हालचालीबद्दल खात्रीने काय सांगणार? पुन्हा आणायला सांगितले, की तिचा चेहरा पडायचा, कारण घरी हे सांगायचे कामही तिचेच होते.

‘पुरुष येतच नाहीत, मग बाईची तपासणी तरी उरकून घेऊ,’ असे काही डॉक्टर म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. पण तिचा भुर्दंड बाईने का सोसायचा? वेदना, खर्च आणि वर ‘हिच्यातच खोट’ हा शिक्का. वयामुळे घाई असेल, तर दोघांच्या तपासण्या एकाच आठवड्यात कराव्यात. तिची एकटीची नको.

रिपोर्ट खराब आला म्हणजे सगळे संपले, असेही नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मधल्या काळात जोराचा ताप आला असेल, तरी संख्या घटते. म्हणून तपासणी पुन्हा करतात. तंबाखू, दारू सोडल्याने काहींना फायदा होतो. जिममध्ये घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी तर शुक्राणू बनणेच थांबू शकते, हे किती तरुणांना माहीत आहे? वृषणाच्या शिरा फुगल्या असतील, तर काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. वीर्यात शुक्राणू अजिबात नसतील, तरी काही वेळा ते वृषणातून काढून इक्सी (एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणे) करता येते. कोणाला आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणे) पुरते, कोणाला आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) लागते. हे कारण कळल्यावर ठरते. कारण न शोधताच पॅकेज गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहावे.

१९८६मध्ये मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणले. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३पासून मोफत आयव्हीएफची सोय झाली. सरकारी यंत्रणेला एवढे जमत असेल, तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात वीर्यतपासणी आणि नमुना देण्यासाठी कडी लागणारी एक स्वच्छ खोली एवढे तरी आरोग्य विभागाने द्यावे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनीही नवऱ्याच्या रिपोर्टशिवाय बाईच्या नलिका तपासायच्या नाहीत, असा दंडक आपल्या सदस्यांना घालून द्यावा.

आणि सुनेला दवाखान्यात नेणाऱ्या सासूबाईंना विनंती : पुढच्या वेळी मुलालाही बरोबर न्या.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा