सेवेच्या कामालाही उमेदवारी लागते

व्यापारात कोणालाही पहिल्याच दिवशी गादीवर बसवत नाहीत. मुलगा आधी थान उलगडतो, घडी घालतो, मग माप घ्यायला शिकतो आणि वर्ष-दोन वर्षांनी उधारीची वही त्याच्या हाती येते. समाजसेवेचे काम मात्र कोणीही, केव्हाही आणि फुकट करावे, अशी आपली समजूत आहे. ही समजूत आता बदलली पाहिजे.

आज दवाखाने, शाळा, बचत गट, अपंगांच्या संस्था अशा अनेक ठिकाणी लोक पगारावर सेवा करतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. २०१४ पासून ते लागू आहे. हा पैसा मिळवायचा तर संस्थेचा हिशेब चोख लागतो आणि कामाचा अहवाल वेळेवर द्यावा लागतो. म्हणजे सर्वेक्षण करणारा, अहवाल लिहिणारा, वह्या सांभाळणारा माणूस लागतो. नुसती नेक नीयत पुरत नाही, तजुर्बा लागतो.

तो तजुर्बा मिळण्याची एक जागा आपल्या मुलांच्या कॉलेजातच आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने २ वर्षांत २४० तास काम करायचे आणि ७ दिवसांचे शिबिर करायचे असते. बरीच मुले प्रमाणपत्रापुरते नाव घालतात. हे थान न उलगडता भाव सांगण्यासारखे आहे. शिबिरात घरोघर जाऊन माहिती घेणे, गावकऱ्यांना राजी करणे, शंभर जणांच्या जेवणाचा हिशेब ठेवणे, हीच या धंद्यातली उमेदवारी होय. मुलाने एक वही करावी. किती घरे केली, काय जमले, काय फसले, ते रोज लिहावे. मुलाखतीत ही वही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

परंतु एवढ्यावर नोकरी मिळते, असे समजू नये. पुढे समाजकार्याची २ वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे, तिच्यात प्रत्यक्ष वस्तीत काम करावे लागते. हे शिक्षण आपल्याला परके नाही. मुंबईच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन पाद्र्याने 'नागपाडा नेबरहूड हाऊस' चालवले. त्याच कामातून १९३६ साली आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा पाया घातला गेला. आधी मोहल्ला, मग पदवी, असा हा क्रम आहे. बी.कॉम. झालेल्या मुलांनाही येथे वाव आहे. ट्रस्टचे वार्षिक ऑडिट, धर्मादाय आयुक्तांकडील कागदपत्रे, परदेशी देणगीचा वेगळा हिशेब, ही कामे जाणणारा माणूस प्रत्येक संस्थेला हवा असतो.

आता दोन शब्द आपणा ट्रस्टींसाठी. होतकरू मुलाकडून वर्षानुवर्षे फुकट काम करून घ्यायचे आणि त्याचे लग्न ठरले की तो दुसरीकडे नोकरी शोधतो म्हणून नाराज व्हायचे, हा न्याय नव्हे. उमेदवारीला मुदत असते. दुकानातल्या पोराला आपण पगार लावतोच. जकातीच्या आठ हक्कदारांत जकात गोळा करणाऱ्या कारकुनांचाही वाटा ठेवलेला आहे. खिदमत करणाऱ्याच्या चुलीचा विचार तेथे आधीच झालेला आहे.

म्हणून प्रत्येक ट्रस्टने निदान एक तरी पगारी जागा काढावी, कामाचे तास ठरवावेत आणि पगार वेळेवर द्यावा. मुलांनी २४० तास मनापासून द्यावेत. पुढची रोजी देण्याची जबाबदारी आपली आहे.